मेपलचे झाड, बास्केटबॉलचे कोर्ट आणि नाशिकचा पावसाळा

नाशिकमध्ये बास्केटबॉल खेळत मोठी झालेली माझ्या पिढीतील बहुतेक मंडळी सिमेंटच्या कोर्टावर खेळली. उन्हात तापलेले, कडेला तडे गेलेले, पडले की गुडघा सोलून काढणारे ते कोर्ट आम्हाला पुरेसे वाटत असे, कारण दुसरे काही पाहिलेलेच नव्हते. आता चित्र बदलते आहे. शहरातील शाळा, क्रीडा मंडळे आणि नव्या गृहसंकुलांचे बंदिस्त हॉल लाकडी कोर्टाची चौकशी करू लागले आहेत आणि ही गोष्ट मला मनापासून आनंदाची वाटते. मात्र या चौकशीत लाकूड कोणते, चौरस फुटाला भाव काय आणि काम किती दिवसांत होईल एवढेच प्रश्न ऐकू येतात. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता तपासणीचे काम करतो, त्यामुळे कोणतीही वस्तू पाहिली की ती कशी घडली आणि ती कशामुळे बिघडेल हे शोधण्याची सवय जडली आहे. या कोर्टांविषयी वाचत आणि पाहत गेलो, तसे एक मत पक्के झाले : झाड तोडण्याच्या दिवसापासून खेळाडू कोर्टावर उतरेपर्यंत आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, हे सारे काम लाकडातील पाणी आवरण्याचे आहे. ते नीट समजले नाही तर उत्तमोत्तम लाकूडही वाया जाते.

जगातील बहुसंख्य मोठी कोर्टे ज्या झाडापासून बनतात ते झाड म्हणजे शुगर मेपल, शास्त्रीय नाव एसर सॅकरम. लाकूड व्यवसायात त्याला हार्ड मेपल म्हणतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन, मिशिगनचा उत्तर भाग, मिनेसोटा, आणि कॅनडातील ओंटारिओ व क्युबेक हा त्याचा मुलूख. याच झाडाच्या खोडातून हिवाळा सरताना गोडसर रस काढतात आणि साधारण ४० लिटर रस आटवला की एक लिटर मेपल सिरप मिळते. मेपलच्या जमिनी बनवणाऱ्या अमेरिकी कारखानदारांची संघटना १८९७ साली स्थापन झाली, म्हणजे बास्केटबॉलचा खेळ जन्माला आल्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी. ही संघटना ३५ अंश उत्तर अक्षांशाच्या वर वाढलेल्या झाडांचेच लाकूड मान्य करते. (आपले नाशिक २० अंशांवर आहे.) थंड मुलखात झाडाला वाढीसाठी वर्षातील थोडेच महिने मिळतात, त्यामुळे वर्षवलये जवळजवळ बसतात आणि लाकूड एकसारखे घट्ट निघते, असे या व्यवसायातील मंडळी मानतात. ओंडका कापण्याजोगा होईपर्यंत झाडाचे वय बहुधा ८० ते १२० वर्षे झालेले असते.

सागवानावर वाढलेल्या आपल्या माणसाला या लाकडात एक गोष्ट उलटी वाटेल. आपल्याकडे वखारीत सागाची फळी निवडताना सुतार आधी गाभा पाहतो. कडेचा पांढरा भाग त्याच्या लेखी निरुपयोगी, कारण वाळवी आणि कीड तिथूनच शिरते. मेपलच्या बाबतीत मात्र कोर्टासाठी वरच्या प्रतीला निवडतात तो सालीलगतचा फिकट, जवळजवळ दुधाळ रंगाचा भाग, ज्यातून झाड जिवंतपणी पाणी वर चढवत असते. मधला तपकिरी गाभा मजबुतीला कमी नसतो, पण रंगात विसंगत दिसतो, म्हणून तो खालच्या प्रतीत जातो. फिकट जमिनीवर चेंडू, रंगीत रेषा आणि खेळाडूंचे पाय स्वच्छ दिसतात. शिवाय मेपलची रंध्रे इतकी बारीक आणि सर्वत्र सारखी विखुरलेली असतात की नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. ओक किंवा सागासारखे खुले, खडबडीत पट्टे त्यात नसल्यामुळे बुटांच्या रोजच्या घासण्याने पृष्ठभागाचे कुसळ निघत नाही. कोर्टासाठी हा गुण नुसत्या कठीणपणाहून महत्त्वाचा आहे, कारण खेळाडू या जमिनीवर चालतात तसे पडतात आणि घसरतातही.

झाड तोडण्याच्या पद्धतीविषयी मला सर्वांत आदर वाटला तो विस्कॉन्सिनमधील मेनोमिनी या आदिवासी समाजाविषयी. १८५४ पासून त्यांच्या ताब्यात असलेले सुमारे २ लाख ३५ हजार एकरांचे राखीव क्षेत्र बहुतांशी जंगलच आहे. उगवतीकडून मावळतीकडे तोडत जावे, पिकलेली, आजारी आणि पडलेलीच झाडे घ्यावीत, आणि टोक आले की पुन्हा उलट दिशेने यावे म्हणजे जंगल कधी संपणार नाही, अशी शिकवण त्यांच्या परंपरेत ऑशकॉश या प्रमुखाच्या नावाने सांगितली जाते. दीडशेहून अधिक वर्षे तोड चालू असूनही तिथे आज १८५४ पेक्षा जास्त लाकूड उभे आहे. अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या कोर्टांसाठीही या जंगलातील मेपल वापरले गेले आहे. पेठ आणि सुरगाण्याकडच्या आपल्या सागाच्या रानांविषयी जिव्हाळा असणाऱ्या प्रत्येकाने या जंगलाविषयी वाचावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

उत्तरेत तोडीचा मोठा भाग हिवाळ्यात उरकतात. एक कारण सरळ आहे : जमीन गोठलेली असते, त्यामुळे अवजड यंत्रे चिखलात रुतत नाहीत आणि कोवळ्या रोपांची मुळे चिरडली जात नाहीत. दुसरे कारण पाण्याचे आहे. नुकत्याच तोडलेल्या मेपलच्या लाकडात, कोरड्या लाकडाच्या वजनाच्या तुलनेत, साधारण ६५ ते ७२ टक्के पाणी असते. उन्हाळ्याच्या उबेत असा ओला ओंडका पडून राहिला तर बुरशी आणि लाकडातील रासायनिक क्रिया मिळून त्याच्यावर करडे-निळसर डाग पाडतात आणि तो पांढरा रंग, ज्यासाठी हे लाकूड घ्यायचे, तोच जातो. म्हणून कापणी लवकर करावी लागते, आणि उन्हाळ्यात ओंडके साठवायचेच असतील तर त्यांच्यावर पाण्याचे फवारे चालू ठेवतात.

कापलेल्या फळ्यांची थप्पी लावताना दोन थरांमध्ये बारीक पट्ट्या ठेवतात, म्हणजे हवा सगळीकडून खेळते. मग त्या भट्टीत जातात. इथे भट्टी म्हणजे आगीची चूल समजू नये, ती उष्णता, वाफ आणि वारा यांवर काटेकोर नियंत्रण असलेली बंद खोली असते. सुरुवातीला हवा मुद्दाम दमट ठेवतात, कारण बाहेरचा थर घाईने वाळला आणि आतला ओला राहिला तर फळी चिरते किंवा तिच्या पोटात ताण अडकून राहतो, जो पुढे कापताना फळी वाकवून दाखवतो. हळूहळू तापमान वाढवत, दमटपणा कमी करत, लाकडातील पाणी ६ ते ९ टक्क्यांपर्यंत खाली आणले जाते. हा आकडा कोणाच्या मनाला आला म्हणून ठरलेला नाही. लाकूड भोवतालच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत असते, आणि ३५ ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत ते साधारण ७ ते ९ टक्के पाण्यावर स्थिरावते. त्या थंड देशांतील बंदिस्त, यंत्राने हवा राखलेल्या क्रीडागृहात हवा अशीच असते. याचा अर्थ ही पट्टी कारखान्यातून निघतानाच एका ठरावीक हवेसाठी तयार झालेली असते. नाशिकचा प्रश्न याच वाक्यात दडलेला आहे, पण त्याकडे थोड्या वेळाने येतो.

वाळलेल्या फळ्या लांबीत चिरून पट्ट्या करतात, गाठी आणि डाग असलेले तुकडे कापून टाकतात, आणि म्हणूनच कोर्टावरच्या पट्ट्या लांबीला सारख्या नसतात. एका कंत्राटदाराकडून मागून आणलेला असा एक उरलेला तुकडा मी हे लिहिताना समोर ठेवला आहे. जाडी साधारण २० मिलिमीटर, रुंदी ५७. एका कडेला लांबच लांब खाच, दुसऱ्या कडेला तिच्यात बसणारी जीभ. नीट पाहिले तर ही जीभ जाडीच्या बरोबर मध्यावर नसून किंचित खाली आहे, म्हणजे वरच्या बाजूला घासून काढण्यासाठी जास्त लाकूड राहते. जिभेच्या वरच्या कोपऱ्यातून तिरका खिळा मारतात आणि पुढची पट्टी आली की तो दिसेनासा होतो. पालथी बाजू सपाट नाही, तिच्यात लांबीने उथळ पन्हळी आहेत. आमच्या गल्लीतील वयस्कर सुतारकाकांना मी हा तुकडा दाखवला. त्यांनी आधी वास घेतला, मग नखाने कडा दाबून पाहिली, रंध्याचे दोन हात मारले आणि म्हणाले, "ह्याला तेल नाही. पाणी आत घेणार." सागाचा तो ओळखीचा तेलकट वास इथे खरोखरच नाही.

या पट्ट्या थेट काँक्रीटवर ठोकत नाहीत. काँक्रीटवर आधी ओल अडवणारा प्लॅस्टिकचा पडदा, त्यावर ठरावीक अंतरावर रबराचे पॅड, त्यांवर प्लायवूडचे दोन थर, आणि सर्वांत वर मेपल, अशी एक रूढ रचना आहे. तिचे इतर अनेक प्रकार निघाले आहेत, पण तत्त्व तेच : उडी मारून खाली येणाऱ्या खेळाडूचा धक्का जमिनीने वाटून घ्यायचा आणि चेंडूला मात्र त्याची उसळी पुरती परत द्यायची. युरोपीय मानक ईएन १४९०४ प्रमाणे चेंडूची उसळी काँक्रीटवरील उसळीच्या निदान ९० टक्के असावी लागते आणि धक्क्यातील घट २५ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान. एकाच जमिनीकडून या दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या मागण्या पूर्ण होतात, कारण खेळाडूचे वजन पट्ट्यांसकट खालचे पॅड दाबते, तर हलक्या चेंडूला ती सारी जमीन दाबण्याइतके बळच नसते. सिमेंटवर वर्षानुवर्षे खेळून घोटे आणि गुडघे दुखवून घेतलेले माझे अनेक मित्र आहेत, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी कागदावरचा नाही.

जमीन खेळ घडवते किंवा मोडते याचा सर्वांत ठळक पुरावा १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकचा आहे. बास्केटबॉलचा ऑलिम्पिकमध्ये त्या वर्षी प्रथम समावेश झाला, खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ स्वतः हजर होते, आणि सामने उघड्यावर, माती-वाळूच्या टेनिस कोर्टांवर ठेवले गेले. अंतिम सामन्याच्या वेळी पाऊस कोसळला. चिखलात चेंडू उसळेना, त्यामुळे टप्पे देत पुढे जाणे संपले, आणि अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ अशा गुणांनी हरवले. एवढ्या मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना आणि दोन्ही संघांचे मिळून २७ गुण!

पट्ट्या ठोकून झाल्या की जमीन जाड कागदापासून बारीक कागदापर्यंत टप्प्याटप्प्याने घासतात, मग लाकडाची रंध्रे बुजवणाऱ्या सीलरचे हात, मग रेषा आणि चिन्हांचा रंग, आणि त्यावर चकाकी व पकड देणाऱ्या फिनिशचे हात. रेषा फिनिशच्या खाली असतात, म्हणूनच त्या लवकर झिजत नाहीत. बॉस्टन सेल्टिक्स संघाच्या चौकडीच्या कोर्टाविषयी अनेकजण विचारतात, म्हणून एवढे सांगतो की ते मेपलचे नसून रेड ओकचे आहे. १९४६ मध्ये, महायुद्धानंतरच्या लाकूडटंचाईत, लहान तुकडे आडवे-उभे जोडून मूळ कोर्ट बनवले गेले आणि पुढे तीच त्या संघाची ओळख झाली.

आता नाशिककडे. शहरातील एका बंदिस्त हॉलमध्ये मेपलचे कोर्ट मे महिन्यात घाईने बसवले गेले. उद्घाटनाची तारीख ठरली होती, हॉलला हवा राखणारी यंत्रणा नव्हती, आणि पट्ट्यांचे गठ्ठे आले त्याच आठवड्यात ठोकायला सुरुवात झाली. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी त्या पट्ट्या एकमेकींना अशा घट्ट भिडवल्या की मध्ये कागद शिरू नये, आणि पाहणाऱ्यांनी कामाच्या सफाईची तारीफ केली. जुलै लागला, गंगापूर धरणावर ढग उतरले, हॉलच्या खिडक्या वाऱ्यासाठी उघड्याच राहिल्या, शिवाय रोज सकाळी जमीन ओल्या फडक्याने पुसली जाऊ लागली. ऑगस्टमध्ये मी तिथे गेलो तेव्हा फ्री थ्रोच्या रेषेपलीकडे जमिनीला हाताला जाणवेल असा उंचवटा आला होता, पट्ट्यांच्या कडा वर आणि पोट खाली अशी त्यांची पन्हळ झाली होती, आणि एका भिंतीशी लाकडाने बाहेरची पट्टी ढकलून काढली होती. तिथे टप्पा दिला की चेंडू मेल्यासारखा खाली बसे. मुलांच्या सरावाचा अख्खा हंगाम गेला, याचे मला आजही वाईट वाटते.

हे का झाले याचा हिशेब कठीण नाही. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, वाढते ते रुंदीत. हार्ड मेपलच्या सपाट कापलेल्या पट्टीतील पाणी एक टक्क्याने वाढले की तिची रुंदी साधारण ०.३५ टक्के वाढते. कोर्ट १५ मीटर रुंद आणि पट्ट्या लांबीच्या दिशेने घातलेल्या. पाणी ७ टक्क्यांवरून ११ वर गेले, म्हणजे फक्त ४ टक्के वाढले, तर सर्व पट्ट्यांची मिळून होणारी मुक्त वाढ सुमारे २१ सेंटिमीटर भरते. प्रत्यक्षात खिळे, पट्ट्यांचे वेगवेगळे काप आणि आपापसातील दाब यांमुळे एवढी वाढ दिसत नाही, पण ते बळ कुठेतरी जावेच लागते. भिंतीशी ठेवायची मोकळी जागा साधारण ५ सेंटिमीटर असते, आणि या हॉलमध्ये तीही सगळीकडे सोडलेली नव्हती. लाकडाने मग वरची वाट धरली. ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकूड पुरेसा काळ राहिले तर त्यातील पाणी १७ टक्क्यांच्याही पुढे जाते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या हॉलमध्ये झाले त्याचे आश्चर्य वाटू नये. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांची दारे आषाढात चौकटीत अडकून बसतात आणि दिवाळीला आपोआप मोकळी होतात, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. कोर्टाच्या बाबतीत तीच क्रिया शेकडो पट्ट्यांमधून एकाच दिशेने जमा होत जाते.

मग साग का वापरू नये, असा प्रश्न नाशिकमध्ये हमखास निघतो आणि तो योग्य प्रश्न आहे. सागातील पाणी एक टक्क्याने बदलले तर रुंदीतील फरक साधारण ०.१९ टक्के, म्हणजे मेपलच्या जवळपास निम्मा. आपल्या हवेला तो खरोखर अधिक सोसतो आणि मी पाहिलेल्या काही जुन्या जिमखान्यांतील सागवानी बॅडमिंटन कोर्टे अजून धडधाकट आहेत. पण सागाचा कठीणपणा मेपलपेक्षा बराच कमी आहे, त्याची रंध्रे मोठी आणि पट्ट्यांनी आलेली असतात, त्यातील तेलामुळे वरचे फिनिश धरायला त्रास देते, आणि वरच्या प्रतीच्या सागाचा भाव आज सर्वांना ठाऊक आहे. चेंडूच्या सततच्या आघाताखाली आणि बुटांच्या फिरकीखाली मेपलच टिकाऊ, हे माझे मत कायम आहे. मात्र ज्या हॉलची हवा राखता येणार नाही तिथे मेपल घालू नये, हेही तितक्याच ठामपणे म्हणतो. अशा ठिकाणी चांगले सिंथेटिक फ्लोअरिंग घालावे आणि वाचलेले पैसे प्रशिक्षकांवर खर्च करावेत.

ज्यांना लाकडी कोर्ट करायचेच आहे त्या मंडळांनी निविदा काढण्यापूर्वी कंत्राटदाराला आणि स्वतःलाही काही गोष्टी विचाराव्यात. काँक्रीटमधील ओल मोजून ती लेखी देणार का, कारण नवे काँक्रीट कित्येक महिने ओल सोडत राहते? पट्ट्या हॉलमध्ये उघड्या ठेवून तिथल्या हवेशी जुळू देण्यासाठी वेळ धरला आहे का, आणि ठोकण्यापूर्वी प्रत्येक गठ्ठ्यातील पाणी मीटरने तपासले जाणार का? जून ते ऑक्टोबर हवेतील दमटपणा काढणारी यंत्रे चालवण्याचे वीजबिल अंदाजपत्रकात आहे का, आणि एप्रिल-मे महिन्यांत उलट हवा फार कोरडी झाली तर काय करणार? पट्ट्या बसवताना वर्षातील कोणता महिना आहे हे पाहून त्यांच्यात ठरावीक अंतराने बारीक फट सोडणार की नाही? भिंतीशी मोकळी जागा चारही बाजूंनी राहील ना? आणि जमीन पाण्याने न पुसता कोरड्या मॉपनेच झाडायची, हे हॉलच्या सफाई कामगाराला नीट समजावून कोण सांगणार? नीट राखलेले मेपलचे कोर्ट दर काही वर्षांनी घासून पुन्हा नव्यासारखे करता येते आणि ते कित्येक दशके खेळते राहते, म्हणून या प्रश्नांवर एखादी बैठक जास्त झाली तरी चालेल.